पहाटेचा अर्धा तास

पळणे आणि धावणे या दोन क्रियापदांत आपल्या भाषेने एक सूक्ष्म भेद राखलेला आहे. मनुष्य पळतो तो भयाने. धावतो तो कोणाच्या तरी हाकेला. देव भक्तासाठी धावतो, शेजारी संकटात धावून येतो, आणि पाळण्यातले मूल रडू लागताच हातातले काम टाकून आई धावते. आईचे धावणे आपणास मुळीच नवे नाही. नवे आहे ते आईने स्वतःकरिता धावणे. कोणी हाक मारलेली नसता, कोणावर संकट आलेले नसता, केवळ दमसास वाढावा आणि पायांत बळ यावे एवढ्याच हेतूने तिने घराबाहेर पडणे. या नव्या धावण्याचा उगम कोठे झाला, आणि लहान मुलांच्या संगोपनात ते बसवावयाचे कसे, याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो सांगताना दृष्टी ठेवणार आहे ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यावर.

हा जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघाला. धानाचा, तलावांचा आणि अरण्याचा हा मुलूख. येथे धावणारी स्त्री दृष्टीस पडत नाही असे मुळीच नव्हे. पोलीस शिपाई व्हावयाचे तर मुलीला ८०० मीटर धावण्याची परीक्षा द्यावी लागते. मुलांना १६०० मीटर. वनरक्षकाच्या जागेसाठी स्त्रियांना ३ किलोमीटर आणि पुरुषांना ५ किलोमीटर असे अंतर ठरलेले आहे. म्हणून भरतीचे दिवस जवळ आले की मैदानांवर आणि सडकेच्या कडेला अंधार असतानाच पावले वाजू लागतात. पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गास २८ आणि मागासवर्गीयांस ३३ वर्षांची आहे. तेव्हा या धावणाऱ्यांत लेकुरवाळ्या स्त्रियाही असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. अशा सुनेला घर सहसा अडवीत नाही. सासू नातवाला मांडीवर घेते, नवरा चहा ठेवतो. कारण त्या धावण्याच्या शेवटी पगार दिसत असतो. परंतु भरती होऊन गेली, वय उलटले, आणि तीच स्त्री दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बूट चढवू लागली, म्हणजे घरात एक प्रश्न उभा राहतो : आता कशाला?

याच प्रश्नाची दुसरी बाजू बारामतीस दिसून आली. लता भगवान करे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील, पोटासाठी बारामतीकडे आलेल्या, मोलमजुरी करून तीन मुली वाढविलेल्या या साठी ओलांडलेल्या बाईंनी नवऱ्याच्या आजाराच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून तेथल्या मॅरेथॉन स्पर्धेतील ज्येष्ठांच्या ३ किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले, आणि नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी ती जिंकली. पुढेही त्या तेथे जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला व त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. तथापि त्या कौतुकात एक गोष्ट दडलेली होती, तिचा विचार आपण केला नाही. त्या नवऱ्यासाठी धावल्या म्हणून आपली मने भरून आली. हीच माउली नुसती प्रकृतीसाठी, उजाडताना एकटी धावताना दिसली असती, तर किती जणांनी थांबून टाळी वाजविली असती? मला शंका आहे.

आता थोडे मागे जाऊ. धावण्याचा आधुनिक इतिहास आपल्याकडे पुण्यात सुरू होतो. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. १९१९ साली तेथल्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेडूत तरुण पाहून दोराबजी टाटा चकित झाले, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा लहानसा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. साताऱ्याचे सदाशिव दातारही त्याच शर्यतीत उतरले होते. यांच्या तालमीविषयी, आहाराविषयी, अनवाणी पायांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण पुरुष धावपटूच्या चरित्रात एक वाक्य कधीच नसते : तो धावत असता त्याची मुले कोणाजवळ होती. त्याचे उत्तर इतके गृहीत धरलेले असते की ते लिहिण्याची गरज चरित्रकाराला भासत नाही.

स्त्रियांच्या वाट्याला या काळात बंदी आली. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकात प्रथमच स्त्रियांसाठी ८०० मीटरची शर्यत ठेवली गेली. जर्मनीची लीना राडके जिंकली. पण शर्यतीनंतर बायका थकून कोलमडल्या अशी अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली, आणि तेवढ्या निमित्तावर ही शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवण्यात आली. आज गोंदियाच्या मैदानावर शिपाई होऊ पाहणारी मुलगी जे अंतर धावते, तेवढेच अंतर बत्तीस वर्षे जगातल्या कोणत्याही स्त्रीला ऑलिंपिकात धावण्याची मुभा नव्हती. मॅरेथॉन तर स्त्रियांना १९८४ साली मिळाली. मुंबईच्या मेरी डिसोझा १९५२ साली हेलसिंकीस गेल्या त्या १०० आणि २०० मीटरसाठीच. त्याहून लांबची शर्यतच स्त्रियांना नव्हती.

या साऱ्या इतिहासात आई आणि धावणे यांची पहिली जाहीर गाठ पडली ती १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन तेव्हा तीस वर्षांची होती आणि तिला दोन मुले होती. आता हिचे वय झाले, असे जाणते लोक म्हणत होते. तिने १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि सांघिक शर्यत अशी चार सुवर्णपदके जिंकली. वृत्तपत्रांनी तिला 'उडणारी गृहिणी' असे नाव दिले. ते गौरवाचे की चेष्टेचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. घरी बसून मुले सांभाळावीत, तोकड्या चड्डीत धावू नये, अशा मजकुराची पत्रे तिला लोकांकडून येत असत.

मला या बाईच्या पदकांपेक्षा तिच्या वेळापत्रकाचे अधिक नवल वाटते. युद्धातून नुकत्याच उठलेल्या देशात, घरकाम सांभाळून, ती आठवड्यातून दोनदाच सराव करी. मुले बरोबर मैदानावर येत. धाकटे बाबागाडीत, थोरले वाळूच्या खड्ड्याजवळ खेळत. तिचा नवरा यान ब्लँकर्स हाच तिचा शिक्षक होता, म्हणून सरावाची वेळ ही नवऱ्याचीही वेळ होती. ती त्याच्यापासून चोरून घ्यावी लागत नव्हती. तरीही लंडनमध्ये २०० मीटरच्या शर्यतीपूर्वी तिचा धीर सुटला. मुलांच्या आठवणीने ती रडू लागली, घरी जाते म्हणाली, आणि नवऱ्याने समजूत घातल्यावर पुन्हा उभी राहिली. ती अ‍ॅमस्टरडॅमला परतली तेव्हा घोड्यांच्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली, आणि शेजाऱ्यांनी मिळून तिला एक सायकल भेट दिली. आता इतके धावावयास नको, म्हणून! शेजारी सगळीकडचे सारखेच.

परंतु ब्लँकर्स-कोएन ही असामान्य स्त्री होती. साधारण माणसाने, शर्यत जिंकण्याची इच्छा नसताना, सावकाश धावावे ही कल्पना त्यानंतरची आहे. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड नावाच्या शिक्षकाने १९६२ च्या सुमारास ऑकलंड येथे मध्यमवयीन गृहस्थांचा एक संघ जमविला. त्यांत हृदयविकार होऊन गेलेले लोकही होते. अमेरिकेचे बिल बॉवरमन हे नामांकित क्रीडाशिक्षक तेथे गेले असता सत्तरीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना मागे टाकले. परत जाऊन बॉवरमन यांनी 'जॉगिंग' या नावाचे पुस्तक काढले आणि त्या शब्दाचा जगभर प्रसार झाला. या पद्धतीचा मुख्य नियम बायकांना फार सोयीचा आहे : शेजारच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. बोलता बोलता दम लागला, तर वेग जास्त झाला असे समजावे.

पुढे १९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने आपल्या पन्नाशीच्या आईसाठी, खुर्चीवरून उठून थेट ५ किलोमीटरपर्यंत नेणारा असा नऊ आठवड्यांचा क्रम आखला. आज नवशिक्यांना सर्वत्र तोच सांगितला जातो. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालावे; नंतर एक मिनिट धावावे व दीड मिनिट चालावे, असे आळीपाळीने वीस मिनिटे करावे. आठवड्यागणिक धावण्याचा भाग वाढवीत, चालण्याचा कमी करीत जावे. नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता येते. कार्यक्रम उत्तम आहे. तो आईसाठीच केलेला आहे हेही खरे. मात्र मुलगा वाढून, शिकून, घराबाहेर पडल्यानंतरच्या आईसाठी! ज्या आईचे मूल दोन वर्षांचे आहे, रात्री तीनदा उठते आणि पहाटे नेमके साडेपाचला जागे होते, तिचा विचार त्या नऊ आठवड्यांत कोठेच नाही.

त्या आईपुढे अडचण पायांची नसते, वेळेची असते. आणि पहाटेच्या वेळेचा इतिहास आपल्याकडे मोठा उद्बोधक आहे. पिढ्यान्‌पिढ्या सूर्योदयापूर्वीचा प्रहर हा आपल्या स्त्रियांचाच होता. तो त्यांना विश्रांतीसाठी मिळालेला नव्हता, कामासाठी मिळालेला होता. देशावर जात्याची घरघर, धानाच्या मुलखात उखळ-मुसळांचा आवाज, आणि सर्वत्र विहिरीची फेरी. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी गोळा केल्या त्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. यावरून त्या प्रहरात स्त्रीचे केवळ हातच नव्हे तर मनही किती जागे असे, हे कळून येते. दळताना मूल मांडीवर निजलेले असे. श्रम आणि संगोपन एकाच जागी चाले. धावण्यात मात्र तसे होत नाही. धावावयाचे तर मूल खाली ठेवावे लागते.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, धान सडण्याच्या गिरण्या आल्या. गोंदिया शहर तर या गिरण्यांमुळेच 'राइस सिटी' म्हणून ओळखले जाते. जाते थांबले, मुसळ कोपऱ्यात उभे राहिले, पुष्कळ घरांत नळ आला. मग तो वाचलेला तास गेला कोठे? शहरातल्या कोणत्याही सुशिक्षित घरात डोकावून पाहावे : मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, गणवेशाला इस्त्री आणि शाळेच्या गाडीचा भोंगा यांनी तो गिळून टाकला आहे. यंत्राने काम वाचविले; वाचलेला वेळ कोणाच्या नावावर जमा झाला, हे यंत्राने सांगितले नाही.

याविषयी एक सरकारी पाहणी बोलकी आहे. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेचा हिशेब घेतला. जे घरकाम करतात त्यांच्यापैकी स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. घरातल्या माणसांची, मुलाबाळांची काळजी घेणाऱ्यांत स्त्रियांची सरासरी १३४ मिनिटांची, पुरुषांची ७६ मिनिटांची. आता वर सांगितलेला नऊ आठवड्यांचा क्रम या हिशेबाशी ताडून पाहा. आठवड्याला तीन वेळा याप्रमाणे सत्तावीस फेऱ्या; प्रत्येकी अर्धा तास धरला तरी सारे मिळून साडेतेरा तास होतात. घरकामाच्या बाबतीत नवरा-बायकोत जे अंतर पडते ते दिवसाला २०२ मिनिटांचे आहे. म्हणजे चार दिवसांच्या त्या अंतरात जवळजवळ अवघा नऊ आठवड्यांचा धावण्याचा क्रम बसून जातो. वेळ घरात असतो; तो वाटलेला नसतो.

मूल कोणाजवळ ठेवावयाचे, हा प्रश्न या भागातल्या कष्टकरी स्त्रीने सुशिक्षित घरांच्या फार पूर्वी सोडवावयास घेतला होता. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावणारी बाई धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधते व तिच्यात तान्ह्याला निजवते. जरा मोठे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. विडीच्या धंद्यात या जिल्ह्याचे नाव मोठे. तेथली बाई घरच्या ओसरीवर तेंदूची पाने कातरीत, पायाने पाळण्याची दोरी ओढीत बसते. कायद्याने पाळणाघराची तरतूद केली ती कारखान्यासाठी : १९४८ च्या कारखाने कायद्यात ती होती, १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यातही होती. पण विडी वळली जाते घरी, आणि घराला कोणी कारखाना म्हणत नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्या बायकांपैकीच एकीला मुले सांभाळण्यास बसवावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे त्यात होते. मूल सांभाळणे हे काम आहे, आणि त्याची पाळी लावता येते, हे तत्त्व येथे मान्य झाले. आपल्या विषयाला हेच तत्त्व पुढे उपयोगी पडणार आहे.

येथे ताराबाई मोडक यांचे स्मरण करणे अवश्य आहे. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना दोघींना दिसून आले की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून 'विकासवाडी' केली. शाळेला अंगणात नेणारी 'अंगणवाडी' हीही त्यांचीच कल्पना. आज गावोगावी अंगणवाडी आहे. पण तिची वेळ उजाडल्यावरची आणि तिची मुले तीन वर्षांपुढची. पहाटेच्या धावणाऱ्या आईला तिचा उपयोग नाही. तथापि कोसबाडचा धडा तिने विसरता कामा नये. आईचा अर्धा तास थोरल्या लेकीच्या अभ्यासातून कापून घेतला, तर एका स्त्रीची मोकळीक दुसरीच्या डोक्यावर बसली एवढेच होईल. सुशिक्षित घरांतही ही गोष्ट नकळत घडते. दहा वर्षांच्या मुलीला, जरा बाळाकडे बघ ग, असे सांगून आपण मोकळे होतो, आणि त्याच वयाच्या मुलाला ते सांगावयाचे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता प्रत्यक्ष क्रमाकडे वळू. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये ही आपली जुनी चाल. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू यांची थट्टा करण्याची रीत मध्यंतरी पडली होती. पण विश्रांतीचे तत्त्व त्यात होतेच, आणि धावण्याच्या बाबतीत आजचे शास्त्र सव्वा महिन्याच्याही पुढे जाते. इंग्लंडमधील व्यायामोपचार तज्ज्ञांनी २०१९ साली प्रसूतीनंतर धावण्याविषयी जे नियम घालून दिले, त्यांत बारा आठवड्यांपूर्वी धावण्यास आरंभ करू नये असे आहे. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर गर्भाचा भार नऊ महिने पडलेला असतो. ते पुन्हा घट्ट होण्यास अवधी लागतो. तोवर चालावे, आणि त्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्यावा. धावताना लघवी सुटणे, ओटीपोट जड वाटणे, दुखणे ही लक्षणे लाजेने लपवून ठेवण्याची नाहीत. ती दिसताच थांबून डॉक्टरला विचारावे. पोटावर शस्त्रक्रिया झालेली असेल तर सल्ला घेतल्यावाचून पाऊल टाकू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने मुलाला पाजून मग निघावे. मूल शांत राहते आणि धावणेही सुखाचे होते. मध्यम व्यायामाने दूध आटते ही समजूत निराधार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आपल्या नियमांत एक बदल केला, तो लेकुरवाळ्या स्त्रियांच्या फार उपयोगी आहे. पूर्वी असे मानीत की व्यायाम सलग दहा मिनिटांचा तरी असावा, तरच तो हिशेबात धरावा. ही अट आता काढून टाकली आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रम व्हावेत. ते कितीही तुकड्यांनी झाले तरी चालतात. म्हणजे मूल सात मिनिटांत उठले, तर ती सात मिनिटे वाया गेली नाहीत. ज्या आठवड्यात मुलाला ताप आला, पाहुणे आले, परीक्षा आल्या, तो आठवडा गळाला असे न समजता पुढल्या वेळी तोच आठवडा पुन्हा करावा. नऊ आठवड्यांचा क्रम पंधरा आठवड्यांत पुरा झाला तरी पाय काही तक्रार करीत नाहीत.

तीन दिवस कोणते, हे मात्र आधी ठरवून सर्वांना सांगावे. 'जमेल तेव्हा जाईन' असे म्हणणाऱ्या बाईला ते कधीच जमत नाही, कारण घरातल्या प्रत्येकाचे काम तिच्या कामापूर्वी उभे राहते. मंगळवार, गुरुवार आणि रविवार सकाळी मूल बापाकडे, असे ठरले की बापालाही त्या दिवशी दुधाची बाटली कोठे आहे हे ठाऊक असते. गोंदिया हे रेल्वेचे गाव. रेल्वेत पाळीची नोकरी असलेल्या घरांत दिवस दर आठवड्याला बदलावे लागतील. पण कामाची पाळी जशी कागदावर लिहून येते तशीच ही पाळीही कागदावर लिहून भिंतीला लावावी. आजी-आजोबा जवळ असले तर सोपे. मात्र त्यांनाही वेळ सांगून द्यावी आणि ती पाळावी. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला की घरातली सहानुभूती आटू लागते.

ज्या घरात दुसरे कोणी नाही, तिने रोजगार हमीच्या कामावरचे तत्त्व घ्यावे. दोघी-तिघी शेजारणींनी एकत्र यावे. एक धावते तेव्हा दुसरी सगळ्यांची मुले पाहते, मग पाळी बदलते. मैदानाच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून मुले बसवावीत आणि नजरेआड न होता चकरा माराव्यात. ब्लँकर्स-कोएन दुसरे काय करीत होती? परदेशांत मूल बसवून ढकलीत धावण्याच्या तीनचाकी गाड्या निघाल्या आहेत. १९८४ च्या सुमारास फिल बेक्लर नावाच्या एका अमेरिकन बातमीदाराने आपल्या मुलासाठी बाबागाडीला सायकलची चाके बसवून ही युक्ती काढली. पण मान न सावरलेल्या, सहा महिन्यांच्या आतील अर्भकासाठी ती नव्हे. आणि आमच्या सडकांची खळगी पाहता मोठ्या मुलासाठीही मी ती सुचविण्यास धजत नाही.

जागेच्या बाबतीत हा जिल्हा भाग्यवान आहे. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले जुने तलाव येथे जागोजाग आहेत. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव हे कोलू पाटील कोहळी यांचे काम समजले जाते. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, त्यांना 'माजी मालगुजारी' हे विचित्र नाव चिकटले. जेथे पाळ रुंद आहे, झुडुपे माजलेली नाहीत आणि वस्ती जवळ आहे, तेथली माती डांबरापेक्षा गुडघ्यांना मऊ लागते. अरण्याला लागून असलेल्या गावांत अंधारात एकटीने तिकडे जाणे मात्र शहाणपणाचे नव्हे. तेथे शाळेचे पटांगण बरे.

आणखी एक देणगी या मुलखाला निसर्गाने दिली आहे. आपले घड्याळ साऱ्या देशात एक. पण गोंदिया मुंबईच्या सुमारे सव्वासात अंश पूर्वेला आहे, म्हणून येथे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. शाळेची गाडी मात्र दोन्हीकडे घड्याळावर चालते. मुंबईची आई जो अर्धा तास अंधारात चाचपडते, तो गोंदियाच्या आईला उजेडात मिळतो; नवशिक्याच्या क्रमाला लागतो तो नेमका तेवढाच. डिसेंबराच्या अखेरीस येथे पावणेसातच्या सुमारास सूर्य वर येतो, तेव्हा त्या महिन्यात सकाळच्या शाळेच्या दिवशी संध्याकाळ पाहावी लागेल किंवा रविवार धरावा लागेल. शेतीच्या घरांत धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, पुसाच्या थंडीत आरंभ करावा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिले पाऊल टाकले तर मार्चच्या आरंभी, ऊन तापण्यापूर्वी, नववा आठवडा येतो. पावसाळ्यात, विशेषतः रोवणी चालू असता, शेतावर राबणाऱ्या बाईने धावण्याचा विचारही करू नये. तिचे श्रम दीडशे मिनिटांच्या कितीतरी पलीकडचे असतात. वैशाखात उन्हाळा इतका कडक की आठानंतर बाहेर पडणे धोक्याचे. पण तेव्हा साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याआधीच फटफटलेले असते. त्या वेळी निघालेली आई सहाच्या आत घरी येते, आणि पुष्कळदा मूल तोवर नुसती कूस बदलीत असते. त्याच्या शेजारी निजलेल्या बापाने तेवढा वेळ जागे असावे.